शाळेतलं लॉकडाऊन ड्रिल, लाईटवाले बूट आणि शेजाऱ्यांना "घरात बंदूक आहे का" हे कसं विचारायचं?

मिनूची_आई

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही दीड वर्षापूर्वी पुण्याहून डॅलसच्या उत्तरेला एका सबर्बमध्ये आलो, नवरा एच-१बी वर. लेक पाच वर्षांची, ऑगस्टपासून केजीत जाते, शाळा चालत सात मिनिटांवर, टीचर एकदम गोड. तर मागच्या मंगळवारी ही घरी आली, दारातच बूट काढले आणि सरळ नेऊन कचऱ्याच्या डब्यापाशी ठेवले. हे बूट म्हणजे आजीने तुळशीबागेतून घेऊन पाठवलेले, पाय आपटला की टाचेत लाल-निळे लाईट लागतात, आत्तापर्यंत रात्री झोपताना सुद्धा काढायला तयार नसायची. म्हटलं काय झालं गं? तर म्हणाली आज आम्ही लपायचा गेम खेळलो, टीचरने लाईट बंद केले, दाराच्या काचेवर काळा कागद लावला, सगळे कोपऱ्यात बसलो, बोलायचं नाही म्हणून लॉलीपॉप पण दिलं, आणि मी पाय हलवला तर माझे बूट लागले, मग एक मुलगा म्हणाला तुझ्यामुळे बॅड गाय आपल्याला बघेल.

शाळेत कुणी बंदूक घेऊन घुसलं तर काय करायचं त्याची ही तालीम, इथे लॉकडाऊन ड्रिल म्हणतात. मला काय बोलावं तेच सुचेना. तिला जेवायला घातलं, झोपवलं आणि मग रात्री दोनपर्यंत फोनवर युवाल्डीच्या शाळेतल्या गोळीबाराबद्दल वाचत बसले. आमच्याच टेक्ससमधलं गाव, इथून गाडीने पाच-सहा तास, २४ मे २०२२ ला १९ मुलं आणि २ शिक्षिका, आणि मारणारा १८ वर्षांचा, वाढदिवस झाल्याझाल्या दुकानातून कायदेशीरपणे रायफली विकत घेतलेला. नवरा म्हणतो रात्री असलं वाचू नकोस, तेही बरोबर आहे.

दुसरं म्हणजे शनिवारी तिला वर्गातल्या एका मुलीकडे प्लेडेटला (घरी खेळायला) बोलावलंय. लोक चांगले वाटतात, गाडीवर बंदुकीच्या कंपनीचं स्टिकर आहे. विचारायचं का त्यांना? विचारलं तर कसं विचारायचं? की हा इथे कुणाला पगार विचारण्यासारखा प्रकार आहे? आणि ही ड्रिलं खरंच काही कामाची असतात का, की मुलांना घाबरवून ठेवायचं फक्त? आजी रोज व्हिडिओ कॉलवर विचारतेय बूट का नाही घातले म्हणून, तिला लहान झाले सांगितलंय.

---

पेठेतला_तात्या

परत या. एवढंच सांगतो. डॉलर डॉलर करत लेकरांना गोळ्यांच्या देशात नेऊन ठेवायचं आणि मग धागे काढायचे. आपल्याकडे शाळेत मुलं पडली तर गुडघे फुटतात फक्त.

---

एडिसनची_सबटीचर

तात्यांकडे लक्ष देऊ नका ताई, ते प्रत्येक धाग्यावर हेच लिहितात, परवा बर्फात घसरून पडण्याच्या धाग्यावर पण परत या लिहून गेले.

मी न्यूजर्सीत सात वर्षं सब्स्टिट्यूट टीचर आहे, बहुतेक केजी ते तिसरी. आमच्याकडे कायद्यानेच दर महिन्याला एक फायर ड्रिल आणि एक सिक्युरिटी ड्रिल करावं लागतं, त्यामुळे किती झाली असतील मोजा. पहिल्या वेळी मी स्वतः बाथरूममध्ये जाऊन रडले होते, खोटं का बोलू. वीस पोरं कोपऱ्यात मांडी घालून तोंडावर बोट ठेवून बसलेली आणि त्यातलं एक मला कुजबुजत विचारतंय की मिस, बॅड गायला आपल्या रूमचा नंबर माहितीये का.

पण कामाची असतात का, तर हो, एका गोष्टीसाठी नक्की असतात, आणि ती म्हणजे दार. बंद दार. सँडी हुकच्या शाळेत गोळीबार झाला (१४ डिसेंबर २०१२, कनेक्टिकट, २० मुलं सहा-सात वर्षांची आणि ६ मोठी माणसं), त्यानंतर तिथल्या राज्याने समिती नेमली होती, तिच्या शिफारशींमध्ये अगदी वरती काय होतं तर वर्गाचं दार आतून लॉक करता आलं पाहिजे. तिथे दारं आतून लॉक होत नव्हती, शिक्षिकेला लॉक करायचं तर किल्ली घेऊन बाहेर व्हरांड्यात यावं लागलं असतं. आणि दहा वर्षांनी युवाल्डीत काय, तर एका वर्गाचं लॉक नीट बसत नाही हे शाळेत सगळ्यांना माहिती होतं आणि दुरुस्त कुणी केलं नव्हतं. म्हणजे मोठमोठ्या चर्चा एका बाजूला आणि कुलुपवाल्याला फोन न करणं दुसऱ्या बाजूला. तर तुम्ही पीटीए (पालक-शिक्षक संघ) मीटिंगला जा आणि हा एकच प्रश्न विचारा, आमच्या लेकीच्या वर्गाचं दार आतून लॉक होतं का आणि ते शेवटचं कधी तपासलं.

घाबरवणारी ड्रिलं मात्र मला मान्य नाहीत. काही ठिकाणी खोट्या गोळ्यांचे आवाज, नकली रक्त असलं नाटक करतात, २०१९ मध्ये इंडियानात तर ट्रेनिंगच्या नावाखाली शिक्षकांनाच प्लास्टिकच्या छर्‍यांनी मारलं होतं, अंगावर वळ उठले. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्येच सांगितलंय की असला खराखुरा वाटणारा प्रकार मुलांबरोबर करू नका. तुमच्या टीचरने लॉलीपॉप दिलं म्हणजे ती शहाणी आहे. लॉलीपॉप तोंडात असलं की पोरं बोलत नाहीत आणि रडत पण नाहीत, आम्ही पण देतो.

बुटांचं म्हणाल तर इथल्या बऱ्याच आया शाळेसाठी साधे बूट घेतात आणि लाईटवाले घरी ठेवतात. कारण कुणी मोठ्याने बोलत नाही. पण फेकू नका ते, दिवाळीच्या कार्यक्रमाला घालेल.

---

कोल्हापूरकर_ह्यूस्टन

वहिनी, नमस्कार. आता मी जे लिहिणार त्यावर शिव्या पडणार माहिती आहे तरी लिहितो. माझ्याकडे बंदूक आहे. एक पिस्तूल, ग्रीनकार्ड आल्यावर घेतलं (एच-१बी वाल्याला तसंही सहसा घेता येत नाही, शिकारीचं लायसन वगैरे अपवाद सोडले तर, त्यामुळे तुमच्या नवऱ्याला कुणी सल्ला दिला तर आधी वकिलाला विचारा). का घेतलं तर आमच्या गल्लीत दोन देशी घरं फुटली, चोरांना माहिती असतं की आपल्या लोकांकडे घरात सोनं असतं, बायको एकटी असते, पोलीस यायला वेळ लागतो, विषय संपला.

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांच्या पुढच्या बहुतेक माणसाला परमिटशिवाय पिस्तूल जवळ बाळगून फिरता येतं. मला स्वतःला तो कायदा आवडला नाही, आधी परमिटसाठी चार-सहा तासांचा क्लास तरी करावा लागायचा, नेम धरून दाखवावा लागायचा. तो क्लास मी केला होता आणि तिथे काही लोक ज्या पद्धतीने बंदूक धरत होते ते बघून मी मागच्या रांगेत जाऊन उभा राहिलो राव.

पण शाळेचं म्हणाल तर माझं मत, दारात ट्रेनिंग झालेला बंदूकवाला पाहिजेच. २०२३ मध्ये टेक्ससने कायदा केला की प्रत्येक शाळेत एक सशस्त्र अधिकारी हवा. लोक युवाल्डीचं उदाहरण देतात की तिथे ३७६ पोलीस जमले आणि ७७ मिनिटं काही केलं नाही. बरोबर आहे, लाज वाटण्यासारखंच आहे. पण नॅशव्हिलच्या शाळेचं पण सांगा की, मार्च २०२३, तिथे पोलीस आले ते थांबले नाहीत, सरळ आत घुसले आणि पहिल्या फोनपासून चौदा-पंधरा मिनिटांत संपवलं. तीन लेकरं आणि तीन मोठी माणसं गेलीच, पण आणखी किती गेली असती. मग दोष बंदुकीचा की बंदूक हातात असून बाहेर उभं राहणाऱ्याचा?

आणि बंदी बंदी करणाऱ्यांना एकच विचारतो. या देशात लोकांच्या घरात ३९ कोटींच्या आसपास बंदुका आहेत, माणसांपेक्षा जास्त. कोण गोळा करणार त्या आणि कशा?

---

आकडेमोड्या

@कोल्हापूरकर, पार्कलँडच्या शाळेत पण सशस्त्र डेप्युटी (पोलीसच) होता की. १४ फेब्रुवारी २०१८, फ्लोरिडा, १७ जण गेले, तो बाहेर राहिला. त्याच्यावर खटला चालला आणि २०२३ मध्ये निर्दोष सुटला. त्यामुळे दारातला माणूस आत जाईलच याची गॅरंटी कुठून आणणार? हातात साधं पिस्तूल आणि समोर एआर-१५ (लष्करी पद्धतीची रायफल) असली की भल्याभल्यांचे पाय जमिनीला चिकटतात, आणि तो दोष पुन्हा समोरच्या हातात काय आहे त्याचाच होतो.

बंदीबद्दल मात्र तुमच्याशी अर्धा सहमत. ऑस्ट्रेलियात एप्रिल १९९६ ला पोर्ट आर्थरला ३५ माणसं मेली आणि सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन वितळवल्या. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी मार्चमध्ये डनब्लेनच्या शाळेत १६ मुलं आणि त्यांच्या बाई गेल्या, पुढच्या वर्षी खाजगी पिस्तुलंच बंद. इथे ते होणार नाही, कारण तिथे बंदूक ठेवणं हा घटनेतला हक्क नव्हता. इथे १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती आहे आणि २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलं की घरात पिस्तूल ठेवणं हा प्रत्येक माणसाचा स्वतःचा हक्क. लष्करी पद्धतीच्या रायफलींवर १९९४ ते २००४ बंदी होती, मुदत संपली, परत आलीच नाही. सँडी हुकनंतर फक्त खाजगी विक्रीला पण बॅकग्राउंड चेक (घेणाऱ्याची आधी चौकशी) लावा एवढंच बिल होतं, सिनेटमध्ये ५४ विरुद्ध ४६, बहुमत असून पडलं कारण ६० मतं लागतात. वीस पहिलीतली मुलं मेल्यावर चार महिन्यांनी. मला तेव्हाच कळलं की दिल्लीश्वर काही करतील ही आशा सोडायची. (वॉशिंग्टनेश्वर म्हणा.)

पण मिनूच्या आईसाठी खरी गोष्ट वेगळी आहे. ताई, शाळेतल्या मोठ्या गोळीबारात आपलं मूल सापडण्याची शक्यता खरंच फार कमी आहे. बातम्यांत वर्षाला शाळांमध्ये तीनशेच्या वर घटना असे आकडे येतात ना, त्यात शाळेच्या पार्किंगमध्ये रात्री झालेली भांडणं, नुसती बंदूक दाखवली, भिंतीला गोळी लागली, सगळं धरलेलं असतं. मात्र २०२० पासून अमेरिकेत लहान आणि टीनएज मुलांच्या मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण बंदूक आहे, गाडीचे अपघात मागे पडले. आणि ती मुलं बहुतांशी शाळेत मरत नाहीत. घरात, गल्लीत, भांडणात, आत्महत्येत, आणि उशाखालच्या बंदुकीशी खेळताना मरतात.

आता हे दोन्ही जिथे जुळतं ते बघा. सिक्रेट सर्व्हिसने २०१९ मध्ये शाळांवरच्या हल्ल्यांचा अभ्यास केला होता, त्यात बंदूक वापरणाऱ्या मुलांपैकी तीन चतुर्थांश मुलांनी ती स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या घरातूनच आणलेली. बाजारातून नाही, काळ्या बाजारातून नाही, आईबापाच्या कपाटातून. त्यामुळे तुम्ही शनिवारी जो प्रश्न विचारायला लाजताय ना, तोच या सगळ्या वादातला सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. बिनधास्त विचारा.

---

पेठेतला_तात्या

एवढे आकडे पाठ आहेत म्हणजे तुम्हालाही झोप लागत नाही. म्हणून म्हणतो परत या.

---

बोरिवली_ते_बोस्टन

तात्या, डिसेंबर २००७, गुरगाव. आठवीतल्या दोन मुलांनी शाळेतच वर्गातल्या मुलाला गोळ्या घालून मारलं होतं. पिस्तूल एकाच्या वडिलांचं, घरातलं. आपल्याकडे हे रोज होत नाही कारण १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टखाली लायसन मिळवताना चपला झिजतात, २०१९ पासून एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं, आणि निवडणूक आली की लायसनवाल्यांनाही पोलीस स्टेशनला जमा करायला लावतात. आपण काही जन्मजात साधू नाही, बंदूक हाताशी नाही म्हणून वाचलोय. नाहीतर पुण्यात कोयते घेऊन जे फिरतात ना त्यांच्या हातात काय असतं ते विचार करा.

मी २००७ ला दुसऱ्या एका युनिव्हर्सिटीत एमएस करत होतो. १६ एप्रिलला व्हर्जिनिया टेकला ३२ जण मारले गेले, त्यात मुंबईची एक विद्यार्थिनी होती आणि तामिळनाडूकडचे एक प्राध्यापक. माझी आई बोरिवलीहून कॉलिंग कार्ड घेऊन रात्रभर फोन लावत होती, लागत नव्हता, सकाळी लागल्यावर काही बोललीच नाही, नुसती ऐकत राहिली मी श्वास घेतोय का. त्या मारणाऱ्या पोराला आधी कोर्टाने मानसिक उपचारांसाठी पाठवलं होतं, पण ते बॅकग्राउंड चेकच्या कॉम्प्युटरवर गेलंच नाही, म्हणून त्याने दोन पिस्तुलं राजरोस विकत घेतली. नंतर ती फट बुजवायला कायदा आला. प्रत्येक वेळी असंच होतं इथे, आधी माणसं मरतात मग एक फट बुजते. पार्कलँडनंतर फ्लोरिडाने लांब बंदूक घ्यायचं वय २१ केलं, युवाल्डीनंतर जून २०२२ च्या कायद्याने २१ च्या आतल्यांची जास्त चौकशी आली. टेक्ससने मात्र युवाल्डीनंतरही वय १८ च ठेवलंय.

---

मिनूची_आई

सगळ्यांचे खूप आभार. मी परवापासून चार वेळा मेसेज टाईप करून खोडलाय. नवरा म्हणतो तू विचारलंस तर ते म्हणतील तुम्ही आमच्यावर संशय घेताय, आपण इथे नवीन, मुलीची एकुलती एक मैत्रीण.

@कोल्हापूरकर दादा, तुम्हाला कुणी विचारलं तर राग येईल का? खरं सांगा.

---

कोल्हापूरकर_ह्यूस्टन

नाही येणार. उलट आजवर कुणी विचारलंच नाही याचं आता वाईट वाटतंय, माझ्याकडे गणपतीला पंधरा-वीस पोरं येतात.

खरं सांगायचं तर तुमचा धागा वाचून मी काल रात्री उठून बघितलं. सेफ आहे माझ्याकडे, पण गेले चार महिने पिस्तूल बेडच्या बाजूच्या ड्रॉवरमध्ये होतं, कारण सेफची बॅटरी संपली होती आणि आज बदलू उद्या बदलू चाललं होतं. घरात बारा वर्षांचा मुलगा. टेक्ससमध्ये सुद्धा १७ च्या आतल्या पोराच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी चूकच. बॅटरी टाकली. गोळ्या वेगळ्या डब्यात. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली मला वाटलं तू ते कधीच केलंस.

मिशिगनची केस वाचा कुणाला वाटत असेल की हे दुसऱ्याचं काम आहे तर. २०२१ ची. बापाने १५ वर्षांच्या पोराला ख्रिसमसचं गिफ्ट म्हणून पिस्तूल घेऊन दिलं, चार दिवसांनी पोराने शाळेत चार मुलं मारली. त्याच सकाळी पोराने वहीत काढलेलं भयानक चित्र बघून शाळेने आईबापाला बोलावलं होतं, ते आले आणि त्याला तसाच शाळेत सोडून गेले, दप्तर कुणी उघडून बघितलं नाही. दोघांनाही २०२४ मध्ये दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली.

सशस्त्र गार्डबद्दल माझं मत अजून तेच आहे, आकडेमोड्या खूश होऊ नकोस.

---

एडिसनची_सबटीचर

ताई, मी कसं विचारते सांगू का. एकटाच तो प्रश्न विचारायचा नाही, लोणच्याच्या फोडीसारखा जेवणात मिसळून द्यायचा. "हाय, मिनू खूप एक्साइटेड आहे! तिला कशाची अ‍ॅलर्जी नाही. कुणाच्याही घरी जाताना मी नेहमी सगळ्यांना विचारते, कुत्रा आहे का, स्विमिंग पूल आहे का, आणि बंदूक असेल तर ती लॉक असते का." असं. आहे का विचारू नका, लॉक आहे का विचारा, म्हणजे त्यांना हो म्हणायला सोपं जातं आणि राजकारण येत नाही. इथे लहान मुलांचे डॉक्टर पण चेकअपला हेच विचारतात, फ्लोरिडाने एकदा डॉक्टरांनी विचारू नये म्हणून कायदा केला होता तो २०१७ मध्ये कोर्टाने उडवला.

आणि शाळेकडून मेसेज आला तर शब्द नीट वाचा. बऱ्याच शाळांत आता तेच ठरलेले शब्द असतात. "सिक्युअर" म्हणजे धोका बाहेर कुठेतरी आहे, बाहेरची दारं बंद, वर्ग चालू. "होल्ड" म्हणजे नुसतं वर्गात थांबा, कुणाला तरी चक्कर आली असेल. "लॉकडाऊन" वेगळं. माझी एक मैत्रीण होल्डचा मेसेज वाचून मीटिंग सोडून गाडी घेऊन सुटली होती, शाळेत पोचली तर कॉरिडॉरमध्ये कुणाला तरी उलटी झाली होती म्हणे.

---

मिनूची_आई

अपडेट. तुमचाच मेसेज जवळजवळ तसाच्या तसा पाठवला, कुत्रा पूल बंदूक. मग फोन उलटा ठेवला आणि पोळ्या लाटायला गेले. दहा मिनिटांनी रिप्लाय: कुत्रा आहे, म्हातारा आहे, चावत नाही. पूल नाही. तीन बंदुका आहेत, नवऱ्याच्या हंटिंगच्या, गॅरेजमध्ये सेफमध्ये असतात, गोळ्या वेगळ्या, हवं तर आल्यावर दाखवते. आणि खाली लिहिलंय, थँक यू, मला पण सगळ्यांना हे विचारायचं असतं पण धीर होत नाही, तुमच्याकडे आहे का?

मी म्हटलं आमच्याकडे फक्त प्रेशर कुकर आहे. तिला कळलं नाही बहुतेक, स्माइली पाठवली.

शनिवारी जाऊन आलो. सेफ बघितली नाही मी, दाखवते म्हणाली होती पण तोपर्यंत कुत्र्याने मिनूचा सॉक पळवला होता. साधे काळे बूट घेतलेत शाळेसाठी. पीटीए मीटिंग पुढच्या गुरुवारी आहे, दाराचं लॉक विचारणार आहे, कुणी डॅलसकडचं असेल तर सांगा की हे प्रिन्सिपलला आधी ईमेल करायचं असतं की थेट उठून विचारलं तर चालतं?

---

पेठेतला_तात्या

ईमेल करा. लेखी असलेलं बरं. आणि काय उत्तर आलं ते इथे कळवा.